हातावर पोट

वाइके म्हणजे तिच्या भाषेत 'शांत'.
आत्याचं नाव होतं, म्हणून ठेवलं.
पुढचं कुणाला ठाऊक?

टालिनच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या.
एकीत ती राहते, दुसरीत मारिंबा,
आणि हीटर एकच, तो मारिंबाकडे,
कारण थंडीत लाकूड तडकतं.
माणूस स्वेटर घालू शकतो.

आपण ज्याला हातावरचं पोट म्हणतो
ते इथे अगदी शब्दशः आहे.
सोमवारी शाळा: अठरा मुलं, बारा पॅड,
उरलेली सहा बाकं बडवतात, आणि बाकंच जास्त सुरात.
मंगळवारी बालनाट्य:
बेडकाची उडी, दाराची करकर, राजाची शिंक
सगळं तिचं. टाळ्या बेडकाला.
शुक्रवारी हेलसिंकीची बोट,
खाली समुद्र झुलतोय, वर बियर प्यायलेली माणसं,
वेगवेगळ्या लयीत,
आणि या दोघांच्या मधोमध सम शोधायची,
पहाटे दोनपर्यंत,
जेवण धरून पंचावन्न युरो.

ऑर्केस्ट्राची चाचणी तिने चारदा दिली.
पडद्याआडून. खाली गालिचा,
टाचांवरून बाई की बुवा ते कळू नये म्हणून.
पहिल्यांदा हात कापला.
दुसऱ्यांदा कापला नाही, तरी नाही.
तिसऱ्यांदा जागाच रद्द.
चौथ्यांदा म्हणाले, बदलीवर घेऊ.

बावीस वर्षं ती बदली आहे.
कुणाला ताप येतो, कुणाची बायको अडते,
फोन वाजतो: सहाला ये, काळे कपडे.
मग मागच्या रांगेत, हातात झांजा,
एकशे चौऱ्याऐंशी आवर्तनं गप्प उभं राहायचं.
पुढे व्हायोलिनं भरून येतात, ओसरतात.
ती ओठ न हलवता मोजते.
शहाण्णव. सत्त्याण्णव. विजेचं बिल.
अठ्ठ्याण्णव.

एकदाच चुकली. एक आवर्तन आधी.
ओबोची चूक गर्दीत मिसळून जाते.
झांजेची कुठे लपवणार?
कुणी काही बोललं नाही, ते जास्त वाईट.
त्या रात्री ती ट्राममधून उतरलीच नाही,
शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं
आणि तसंच परत आणलं.
दुसऱ्या दिवशी बेडूक होताच, उडी मारायला.

खालच्या मजल्यावर एंडेल,
गोदीतला जुना वेल्डर, एक कान तिथेच ठेवून आलेला.
रात्री नऊला तो झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा.
ठक. ठक ठक.
एकोणीस वर्षं, कधी नऊला दोन कमी नाही,
कधी नऊवर एक नाही.
जिन्यात भेटले की दोघंही भिंतीकडे बघायचे.
त्याची लय पक्की आहे
हे तिने त्याला सांगितलं नाही.
सांगायचं तरी कसं? तक्रार होती ती.

फेब्रुवारीत एका रात्री नऊ वाजले.
नऊ पाच.
ती वाजवत राहिली, मुद्दाम जरा जोरात.
नऊ दहा. काठ्या हवेत थांबल्या
आणि तिच्या लक्षात आलं, आपण मोजतोय.

आठवड्याने त्याची पुतणी वर आली,
बोटांना खोक्यांची चिकटपट्टी लागलेली.
"हा वरच्या बाईला द्या, असं चिठ्ठीत आहे.
का, ते लिहिलेलं नाही."

बर्चचा दांडा. टोक झिजून गोल,
त्यावर छताचा चुना.
दार लावून वाइकेने तो सवयीने
एका बोटावर आडवा तोलून पाहिला.
कुंच्याकडे जरा जड.
कुंचा काढला तर बसेल.