आठवा रकाना

वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये
मे महिन्याच्या दुपारी एसी असा,
की बाहेरचे सेहेचाळीस अंश
काचेपलीकडे कुणा दुसऱ्याचे वाटावेत.
तन्मय उरकुडेने कागदी कपात पन्हं दिलं
आणि एक कागद.

वर गाडीची किंमत, ठळक, ऐटीत.
तिच्यामागे, वरातीत शिरतात तशी
न बोलावलेली मंडळी:
अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन,
लेदरसारखी दिसणारी, लेदर नसलेली कव्हरं,
दाराच्या कडांना रबर, हँडलिंग चार्जेस,
आणि ‘एसेन्शियल किट’, अठरा हजार चारशे,
ज्यात एक छत्री, एक सुगंधी डबी, एक गणपती.

“गणपती घरी आहे,” मी म्हणालो.
“सर, हा डॅशबोर्डला चिकटतो.”

कोळसा कंपनीच्या हिशेबखात्यात एकतीस वर्षं काढली मी.
निवृत्त झालो, लाल पेन झालं नाही.
“कोटिंग नाही केलं तर गंज लागतो सर.”
“गंजायलाही पाणी लागतं बाबा,
आमच्या नळाला एक दिवसाआड येतं.”

रंजूने मात्र वही आणली होती.
शिकवणीच्या पोरांची असते तशी, चौकटीची.
चार गाड्या, आठ रकाने.
मायलेज. एअरबॅग.
मधल्या रांगेत बाक की दोन सुट्या खुर्च्या.
तिसऱ्या रांगेत एसीची जाळी
की नुसतं आश्वासन.
सनरूफपुढे तिने लिहिलं होतं:
‘आपण खिडकीला वाळा लावतो,
हे छताला भोक पाडायचे पैसे मागतात.’

आणि आठवा रकाना:
‘मला चढवायला माणसं किती’.
पहिली गाडी: दोन.
दुसरी: दोन, शिवाय वहिनी.
तिसरी: दीड, दादाची कंबर गेल्यापासून.
चौथी, जिला टचस्क्रीन नाही,
जिला तन्मय हळूच ‘बेसिक’ म्हणाला होता,
तिचं दार सरकतं.
तिथे जागा कोरी.

तन्मयने तो रकाना वाचला.
मग टाय खांद्यावर टाकून
गुडघ्यावर बसला, टेपने पायरी मोजली.
“जमिनीपासून सेहेचाळीस सेंटिमीटर, मॅडम.”
“म्हणजे बाहेरच्या उन्हाइतकी,” रंजू म्हणाली.
“उतारासाठी फळी आहे का तुमच्याकडे?”

त्याने मोबाइलवर यादी सरकवली.
एकशे बारा वस्तू.
पायाशी निळे दिवे. कुत्र्यासाठी गादी.
बाटलीला थंड ठेवणारा कप्पा.
फळी नव्हती.

तो माझ्याकडे वळला, आवाज उतरवून:
“कोटिंग कारखान्यातूनच होऊन येते सर.
माझं नाव नका सांगू.”
माझ्याच लाल पेनाने
त्याने चार ओळी खोडल्या.
पाचवीवर थांबला. मॅनेजर आला होता.

फळी लोहा ओळीत झाली.
अल्ताफभाईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं,
“वजन किती धरू?”
“बाई आणि खुर्ची एकोणऐंशी,
अहंकार धरून ऐंशी,” रंजू म्हणाली.
“सौ का बनाता हूँ,” ते म्हणाले, “बढ़ता है।”
चौकड्यांचा पत्रा, दोन बिजागऱ्या, खुर्चीला चार कड्या.
पक्कं बिल नाही.
हिशेबखात्याने तेही चालवून घेतलं.

गाडीच्या दोन सीटा आता माळ्यावर आहेत,
प्लॅस्टिकसकट.
गणपती फुकट मिळाला,
पहिल्याच दुपारी डिंक वितळून कलंडला.
रंजूने त्याला कपाच्या खाचेत बसवलं.

आणि कोऱ्या जागेत तिने आधी शून्य लिहिलं,
खोडलं,
लिहिलं: अर्धा.
फळी उचलायला कुणीतरी लागतंच.

गिट्टीखदानच्या वळणापर्यंत
मी आरशात तिलाच बघत होतो,
एकेचाळीस वर्षांच्या माझ्या बहिणीला,
जिला आज कुणी काखेत धरलं नव्हतं.

“रस्त्याकडे पाह्य ना दादा,” ती म्हणाली.