अंगठा कापून टाकावा

सूचना क्रमांक सात : पानावर बोट आले असल्यास
ते कापून टाकावे.
म्हणजे फोटोतून, असं मगदूम सर हसत सांगतात,
आणि पानामागं चाळीस पैसे.

शुक्रवार पेठेतलं आमचं वाचनालय.
भिंतीवर पुराची रेघ, शेजारी पेन्सिलीनं तारीख.
खालच्या तीन कप्प्यांत चरित्रं होती,
म्हणून थोर माणसं आधी भिजली.
कादंबऱ्या वर, कोरड्या,
तोंडावर पदर धरून हसत असल्यागत.

कॅमेऱ्याखाली पुस्तक उघडं धरायचं,
डावा अंगठा कडेला, उजव्या पायानं पेडल,
शिवणयंत्रच म्हणा, फक्त काही शिवून होत नाही.
दिवसाला सहाशे पानं.
थांबून वाचलेल्या पानाचे वेगळे पैसे नाहीत.
मी तरी थांबते.

एका रहस्यकथेत, खुनाच्या आदल्याच पानावर
मिसळीचा कट सांडलाय.
संगणक विचारतो : डाग काढू?
थांब बाबा, हा माणूस जेवता जेवता वाचत होता,
पुढचं कळेपर्यंत घास खाली उतरला नसेल त्याच्या.
व्याकरणाच्या पुस्तकाच्या घडीत आखाड्याची माती,
आणि समासापाशी कुणा पैलवानानं लिहिलंय :
'इथपर्यंत समजलं. पुढचं गुरुवारी.'
पुढची पानं अजून कापलेलीच नाहीत,
ती मीच सुरीनं सोडवली, चाळीस वर्षांनी,
आणि तो दिवस मंगळवार होता.

यंत्राला अक्षर कळतं, पाणी कळत नाही.
थेंब डोक्यावर सुकला की त्याला तो अनुस्वार वाटतो.
उसाच्या पुस्तिकेत त्यामुळं आता असं आहे :
'लागणीनंतर सहा आठवड्यांनी खंत द्यावे,
मोठ्या बांधणीला पुन्हा, मुळाशी, मातीआड करून.'
चुका काढायला वेगळा माणूस आहे, पुण्यात.
त्याला मी अजून कळवलेलं नाही.

आईचा अंगठा रेशनच्या मशीनवर उठत नाही.
तीस वर्षं चपलांच्या वेण्या घातल्या,
कातड्यानं रेषा पुसून नेल्या.
दुकानदार म्हणतो, मावशी, पुन्हा ठेवा.
ती पुन्हा ठेवते. पदराला पुसून पुन्हा.
माझा मात्र कुणी न मागता उठतो
पानापानाच्या कडेला,
आणि दुपारी चहानंतर मी कापत बसते
दोनशे अंगठे, तीनशे अंगठे.

संध्याकाळी इनायत बागवान येतात.
वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसून
मोबाईलवर वर्तमानपत्र वाचतात.
'पंखा चांगला हाय हितला.'
परवा म्हणाले, आता समदं घरात बसून वाचायला मिळणार म्हण की.
होय म्हटलं.
मग बराच वेळ पंख्याकडंच बघत बसले.
'चौऱ्याऐंशी साली एक नेलतं मी. मंडळी वाचायची.
मागच्या कोऱ्या पानावर दुधाचा हिशोब लिवलाय तिनं,
दंड बी भरलाय त्याचा. त्यो येतोय काय फोटोत?'
येतो, म्हटलं. सूचना फक्त बोटांबद्दल आहे.

काल ते पुस्तक निघालं.
निळी शाई, बारीक, एकमेकांना टेकलेले आकडे :
अर्धा लिटर. अर्धा लिटर. खाडा. अर्धा.
पाव.
मग खाली पानभर नुसता खाडा,
आणि अक्षर दुसऱ्याचं.

पाय पेडलवर होता, दाबायचं राहून गेलं.
मगदूम सरांनी खोकून आठवण केली तेव्हा दाबलं.
अंगठा आलाच, शेवटच्या खाड्याशेजारी,
साक्षीदाराचा असतो तसा,
रेषा इतक्या ठळक की मोजाव्यात.

तेवढा एक कापला नाही.
चाळीस पैसे कापायचे तर कापू देत.