रकाना सातवा

एरंडवण्यात, कॅनॉल रोडला, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही तिघं पृथ्वीचा हिशेब लावतो.
वर्षभरात माणसांनी जमिनीतून काय काय उपसलं
आणि त्याचे झाले किती.
रीत सोपी : टन गुणिले भाव.
रणदिवे म्हणतात, पाढे येतात ना, मग झालं.

पण सोनं औंसात येतं, हिरे कॅरटमध्ये,
लोखंड कोट्यवधी टनांत,
आणि तांब्याचा भाव शिमग्याला एक, दिवाळीला दुसरा.
मग सरासरी काढायची.
सरासरी म्हणजे असा भाव
ज्या भावाने कुणी कधी काही विकलेलं नसतं.

काही देश आकडे कळवतच नाहीत.
तिथे सहाव्या रकान्यात आम्ही 'अं.' लिहितो. अंदाजे.
त्या एका अनुस्वाराखाली केवढा कोबाल्ट,
आणि तो खणणारे हात किती वर्षांचे,
हे विचारायला जागा नाही.
भाव खाणीच्या तोंडाशी धरायचा की बंदरावर?
मातीचा की वितळलेल्या धातूचा?
एवढ्यावरून जगाची किंमत वर-खाली होते
आणि आम्ही अजून एक कटिंग मागवतो.

अडलं ते सोन्यापाशी नाही. खडीपाशी.
सोन्याला पावती असते.
खडी मोजायला जावं
तर ती आधीच कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असते.

म्हणून गुरुवारी मला वाघोलीला धाडलं.
ब्रासचा भाव विचारून ये, टन इथे करू.
क्रशरच्या भुकटीने बाभळी पांढऱ्याफेक,
आणि ट्रॅक्टरच्या सावलीत हणमंतू धोत्रे
भाकरीवर ठेचा घेऊन बसलेला.
"ब्रासला काय पडतात?"
"कुणाला?" तो म्हणाला.
"मालकाला का मला?"
मी वहीत उभी रेघ मारून
एकाचे दोन रकाने केले.

हात धुऊन त्याने खिशातून डबी काढली,
पोरीच्या कानातल्यांची, आत कापूस,
कापसावर निळं.
मोरपंखाच्या डोळ्यातलं असतं तसलं, पण दगड.
सुरुंग उडाला की एखाद्या पोकळीत गावतं, म्हणाला,
शनिवारी एक शेठ येतो, पेराएवढ्याला नोट देतो,
पुढे काचेच्या कपाटात जातं म्हणे, लांब, विमानाने.
मी सवयीने विचारून बसले,
"टनाला किती होतील?"
तो एवढा हसला की त्याला ठसका लागला.
"ताई, टनानं निघालं असतं
तर त्याचीबी खडीच केली असती."

परतताना नगर रोडला डंपरच्या मागे होते.
दोन खडे उडून हेल्मेटवर वाजले, टक्, टक्.
ते उत्पादनात धरलेले आहेत.
वाटेतली तूट आम्ही धरत नाही.

शुक्रवारी भाव भरला. घनतेने गुणला, डॉलर केले,
शेजारी 'अं.'
निळ्याची ओळ घालून पाहिली, मग काढली :
एकूण, एक डबी.
सातवा रकाना स्रोताचा.
रणदिव्यांनी टाचेवर टाच घासत विचारलं, काय लिहू?
लिहा, विक्रेत्याशी प्रत्यक्ष चर्चा.

धोत्रे काही विकत नव्हता. जेवत होता.
जगाच्या बेरजेत
माझ्या हातचं तेवढं एक खोटं आहे,
बाकीची कुणाची, ते मला माहीत नाही.