चार बोटं सैल

मेणकुऱ्याच्या अलीकडे, वळणावर, इनासचं गॅरेज.
पाटी नाही. काजूला टांगलेला गंजका सायलेन्सर,
तीच पाटी.

बाबांची फियाट तिथवर टेम्पोनं ओढत आणली.
मी नुसती स्टिअरिंगला,
आणि चाकाखालचा गिअरचा दांडा
तारा तुटलेल्या छत्रीसारखा डुगडुगणारा.

इनासनं बॉनेट उघडलं. हलव, म्हणाला.
मी दांडा हलवला. एक बोट, दोन बोटं, चार.
खाली सळईला पत्ताच नाही.
आणखी हलव.
पाचव्या बोटाला ती कुठं जरा जागी झाली,
दुपारी जेवून निजलेल्या माणसाला
तिसरी हाक ऐकू यावी तशी.

साखळीच्या स्टँडवर बाबांनी ही गाडी
अशीच चालवली.
दुसरा घालायचा तर दांडा आधी छातीकडे,
मग थांबायचं, एक आवंढा गिळण्याइतकं,
मग खाली गुडघ्यापाशी,
आणि अगदी शेवटी मनगटाची गिरकी,
पेटीची किल्ली फिरवल्यासारखी.
भावाला ते जमलं नाही. बदली ड्रायव्हर दोन आले,
दोघांनी दुपारपर्यंत चावी आणून दिली.

कधी दोन गिअर एकदम धरून बसायची.
सारमानसच्या धक्क्यावर फेरी लागलेली, मागं हॉर्न,
बाबा सावकाश उतरायचे,
बॉनेटमध्ये खांद्यापर्यंत हात घालून
पट्टी ओढायचे, खट्,
आणि पाहुण्यांना म्हणायचे, चला.
मला कितीतरी वर्षं वाटायचं
सगळ्याच गाड्यांना असं अधूनमधून
समजवावं लागतं.

इनासनं सळया काढल्या, रॉकेलात धुतल्या.
रबरी बुश उरलेच नव्हते, होती ती काळी भुकटी.
पट्टीतलं गोल भोक
पिन घासून घासून अंड्यासारखं लांबट.
भोक वेल्डिंगनं बुजवलं, नव्यानं पाडलं.
बुश बाजारात मिळत नाहीत. मग त्यानं
मोडीत काढलेल्या एका बार्जचा पितळी तुकडा
लेथला लावला. पिवळा कीस
त्याच्या पायांवर, चपलांवर, झोपलेल्या कुत्र्यावर.
चार बुश. चार वॉशर. नव्या पिना.
ग्रीस बोटानंच भरलं.

मध्येच मान वर न करता म्हणाला,
"तुज्या बापायचो हात शाणो जालो,
देखून गाडी पिशी उरली."

चौथ्या दिवशी बाबांना घेऊन गेले.
इनासनं खुर्ची दिली, ती नाकारून
ते थेट चाकामागं बसले.
दांडा छातीकडे ओढला. थांबले.
(थांबायची गरज नव्हती, गिअर केव्हाच पडला होता.)
गुडघ्यापाशी. गिरकी.
गाडीनं कर्र केलं, एक उसळी मारली, बंद.
कोंबड्या उडाल्या. कुत्रं उठून
काजूच्या पलीकडे जाऊन निजलं.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.
बोटभर हलवलं की पडणाऱ्या गिअरमध्ये
ते आपली चार बोटं शोधत राहिले.

इनास माझ्याकडे बघत होता, मी पान्याकडे.

मग दार उघडून बाबा पलीकडून आले,
डाव्या सीटवर बसले.
"तू घे."
मी घेतली. पहिला. दुसरा.
लोण्यातून सुरी.
पिळगावपर्यंत कितीही चढ असता
तरी माझी हरकत नव्हती.

बिलावरून पन्नास रुपयांची घासाघीस
त्यांनी आधीच आटोपली होती. आता गप्प.
डिचोलीजवळ म्हणाले,
"ही आता कोणीही नेईल."
मला वाटलं, कोणीही चालवेल, असं म्हणताहेत.
बरंच झालं की, मी म्हटलं.

"थांबव जरा."
हार्डवेअरच्या दुकानात गेले, वेळ लावला,
तिथंही घासाघीस केली असणार.
बाहेर आले तेव्हा एका हातात साखळी,
दुसऱ्यात मुठीएवढं कुलूप,
आणि किल्ल्या तीन.
तिन्ही त्यांनी स्वतःच्या खिशात टाकल्या.