भोसरीतला समुद्र

भोसरीत समुद्र आहे.
टी ब्लॉक, गाळा एकशे अकरा,
कंप्रेसरच्या शेजारी, कपाटाएवढा.
पंच्याण्णव लिटर पाण्याला पाच किलो मीठ,
पस्तीस अंश, रात्रंदिवस धुकं.
गुरुवारी वीज गेली की
समुद्र जनरेटरवर चालतो.

आत आठवी कप्पी टांगली आहे.
हिच्यावरून तार धावणार,
तारेत विमानाचा आकडा अडकणार,
आणि वीस टनांचं धूड
आमच्या गल्लीच्या तोंडापासून चहाच्या टपरीपर्यंत,
एवढ्यात थांबणार.
नाही थांबलं तर पुढे गल्ली नाही,
पाणी.

पहिली वाकली.
दुसरीच्या पोटात बुडबुडा निघाला.
तिसरी ते सहावी सोडा.
सातवी पास झाली,
मग कळलं, परीक्षाच चुकीची होती.

परदेशी कंपनीकडे नकाशा मागितला.
जाड, सुबक कागदावर नकार आला.
खांबेटेबाईंनी तो फ्रेम करून
गणपतीच्या फोटोखाली लावलाय.

तपासणीला नौदलाचे तांडेलसाहेब येतात.
वडील मुरुडचे, होड्या बांधायचे.
चहा बशीत ओतत एकदा म्हणाले,
"पहिलं वर्षभर बापानं माझ्याकडून
फळ्यांच्या फटीत नुसता कापूस ठासून घेतला.
दुसऱ्या वर्षी तोच उपसायला लावला,
पाणी कुठून शिरलं ते बघायला.
जहाज होईल हो. पैसा ओता, होईल.
पण रात्री, हलत्या पट्टीवर उतरणारा,
त्याला खाली उभा राहून 'नको, परत फिर' म्हणणारा,
तार थकली हे हात लावून ओळखणारा,
हे कुठल्या टेंडरात मागवू?"
बशी रिकामी झाली. कोणी बोललं नाही.

मी अठ्ठावन्नचा.
जहाज पाण्यात उतरेल तेव्हा
मी कोपऱ्यावरच्या बाकावर पेपर वाचत असेन.
अल्ताफ असेल. आज एकोणीस,
औंधच्या आयटीआयचा, ग्राइंडरवर हात हलका.

काल रात्रपाळीत त्यानं झाकण उघडलं,
चष्म्यावर मीठ बसलं,
बोट जिभेला लावून विचारलं,
"काका, समुद्र असाच लागतो का?"
मी दोनदाच पाहिलाय, दोन्हीदा सहलीत.
म्हटलं, वहीत लिही:
तास सहाशे बारा, डाग नाही.

त्यानं लिहिलं.
बॅटरी घेऊन परत वाकला,
बराच वेळ वाकलेलाच राहिला.
मग शेवटचे दोन शब्द खोडून
वर बारीक अक्षरात:
डाग आहे. आतल्या कडेला.
मोहरीएवढा.