तळहातावरचा

सांगलीहून मावशी फोनवर म्हणते,
पोरीला तळहातावरच्या फोडासारखं जपा हो.
मी हो म्हणतो.
तिला काय सांगू, इथे फोडच जपायचे असतात,
रोज पहाटे पावणेसहाला, मिठाच्या कोमट पाण्यात,
एकेक मोजून.

मुक्ताचे सगळे कपडे उलटे.
शिवण बाहेर, लेबल कापलेलं.
उचलायचं ते काखेत हात घालून नाही,
खालून,
पाण्याने काठोकाठ भरलेली परात न्यावी तसं.
कातडीचे दोन थर एकमेकांना टाचून ठेवणारा दोराच
तिच्यात विणलेला नाही.
अर्धी चूक माझ्याकडून आली, अर्धी सुषमाकडून.
आम्हा दोघांना कधी साधा ओरखडाही जाणवला नव्हता.

बर्मिंगहॅमच्या इस्पितळात, फेब्रुवारीत,
ब्रॉन्वेन नर्सने एक गोठलेली पिशवी वितळवली.
आत पेशी. कुठल्याशा बाळंतिणीने
देऊन टाकलेल्या नाळेतल्या.
आमच्याकडे नाळ पुरतात, मी म्हणालो.
इथे बहुतेक जणी बघतही नाहीत, ती म्हणाली.
नळीतून थेंब उतरू लागले
आणि खोलीभर उकडलेल्या कणसांचा वास.
पेशी टिकवायच्या औषधाचा असतो तो.
मुक्ताने विचारलं, तिखट-मीठ लावलंय का?

बरी होणार नाही, हे आधीच लिहून घेतलंय,
पान सात, खाली माझी सही.
त्या पेशी आत घर करत नाहीत.
येतात, जखमेच्या कानात काही सांगतात, निघून जातात.
काय सांगतात ते डॉक्टरांनाही
अजून नीटसं ऐकू आलेलं नाही.
पण डाव्या नडगीवरची जखम,
चौदा महिने उघडी,
मार्चअखेर कडेकडेने मिटत आली.
रात्रीची खाज उतरली.
सुषमा सलग चार तास झोपली
आणि घाबरून उठली.

मग एका शनिवारी, कुंपणाची झुडपं छाटताना
माझ्या तळहातावर फोड आला.
साधा. चार दिवसांत जाईल असा.
मला त्याची लाज वाटली.
डाव्या हाताने जेवलो.
तिने पकडलंच.

दाखव.
पट्ट्यांत गुंडाळलेल्या बोटांनी माझा हात उताणा केला,
नाक लागेल इतक्या जवळून पाहिलं.
सुई आण. दोन भोकं पाडायची, खालच्या बाजूने.
वरची कातडी काढायची नाही, बाबा,
ते झाकण असतं.
आणि रडायचं असेल तर आधी सांग,
मी थांबते.