हरकत

खानापूरच्या तालुका कचेरीबाहेर
चिंचेखाली माझं टेबल, एक पाय विटेवर.
नोटीस लागली ती सोमवारी, कन्नडात, चार पानं,
वर दोन डोक्यांचा पक्षी, खाली न लागणारी सही:
मातीच्या भट्ट्यांसाठी नियमांचा मसुदा.
वस्तीपासून दोनशे मीटर.
आक्षेप असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे.

तिकडे आक्षेपणे. आमच्याकडे हरकत.
आणि हरकत नाही हे तर आम्ही
दिवसातून वीसदा म्हणतो,
चहा गार आला तरी, लोंढ्याची बस चुकली तरी.
पंधरा दिवस कुणीच आलं नाही.

सोळाव्या दिवशी नदीपलीकडून लगमव्वा कुंभार आली,
कोपरापर्यंत वाळलेला चिखल, खांद्यावर सुंभाचं वेटोळं.
म्हणाली, मोजून आणलोय. वाच बघू किती भरतंय.
मी म्हटलं, दोरी वाचता येत नाही, मावशी.
मग तिनं ती आवारातच पसरली,
शिपायाच्या सायकलीला वळसा घालून, गाठी मोजत:
ही आमची भट्टी. ही शाळेची भिंत.
शाळा मागनं आली. विटा आमच्याच.

लिही.

कागद, कार्बन, कागद.
तिची मराठी माझ्या बोटांतून कन्नड होत गेली,
अर्ध्या पानावर दोन्ही राहिली नाही, नुसती सरकारी झाली.
पोटावर पाय देऊ नका, याचं झालं
जीवनोपायास बाधा येऊ नये.
एक शिवी गाळली.
गाळलास न्हवं? म्हणाली. टकटक थांबली की मधीच.

मग उठली, चिमूटभर धूळ हवेत सोडली.
धूळ तहसीलदाराच्या जीपवर गेली.
बघितलास? धूर काय चहूकडं सारखा जातोय व्हय?
भट्टी पेटती तवा वारं घाटाकडं पळतंय.
शाळेकडं येतंय तवा पाऊस, भट्टी थंड.
मीटर कशाला? वारं मोजा म्हणावं.

टंकलं: मुद्दा क्रमांक दोन, वाऱ्याची दिशा.
पोच मिळाली. शिक्का निळा, तारीख पुसट.

सुनावणी बेळगावला. चाळीस खुर्च्या, सहा माणसं.
एकानं विचारलं, मसुदा मराठीत का नाही?
साहेब म्हणाले, तो विषय या मसुद्यात येत नाही.
लगमव्वाला बाजाराचं कन्नड येतं, राजपत्राचं नाही.
ती पंख्याकडे बघत होती, कुठल्या बाजूला फिरतोय.

अकरा महिन्यांनी राजपत्र आलं.
दोनशे मीटर तसेच, एक सेंटिमीटर हलले नाहीत.
फक्त सातव्या कलमाच्या पोटात, दोन स्वल्पविरामांमध्ये:
*वाऱ्याची दिशा विचारात घेऊन*.
वर नेहमीचं, प्राप्त हरकतींचा विचार करण्यात आला आहे.
हरकती. माझ्या कार्बनच्या फाइलीत
त्या अनेकवचनाचा एकच कागद.

वाचून दाखवलं.
माझं नाव?
नाव नसतं, मावशी.
वाऱ्याचं परत वाच.
परत वाचलं. तिसऱ्यांदाही.
समोर कुणाची तरी म्हैस सोडवायचा अर्ज ताटकळत होता.

लगमव्वानं पदरानं तोंड पुसलं.
विचारात घेऊन म्हणतंय, खरं घेणार कोण?
आमचा तलाठी? त्याला सर्दीच असती बारा महिने.

लिही, म्हणाली.

तीस दिवस केव्हाच संपले होते.
मी कागद चढवला,
कार्बन,
कागद.